पंडिता रमाबाई

सह्याद्रीच्या दक्षिण भागात गंगामूळ नावाचा एक डोंगर आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या त्याच्या कुशीत उगम पावतात. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यात मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे निबिड अरण्य होते. मनुष्यवस्ती विरळ आणि श्वापदांचा संचार मोठा. अशा त्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे नावाच्या एका विद्वान ब्राह्मणाने आपला आश्रम थाटला होता.

शास्त्रीबोवांनी गावाचा सहवास सोडून रानाचा आश्रय घेतला, त्याचे कारण मोठे विलक्षण होते. त्यांना आपल्या पत्नीस संस्कृत शिकवावयाचे होते. तरुणपणी पुण्यात विद्याभ्यास करीत असता त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. त्या राजस्त्रीच्या मुखातून बाहेर पडणारे शुद्ध श्लोक अनंतशास्त्र्यांनी ऐकले, आणि स्त्रियांनाही ही विद्या यावी हे त्यांच्या मनाने घेतले. परंतु त्या काळी स्त्रीने अक्षर गिरविणे हेच मुळी पाप समजले जाई. मग देववाणी शिकण्याची गोष्ट तर बोलावयासच नको. लोकांनी त्यांना नावे ठेवली. शास्त्रीबोवा मात्र आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. त्यांनी अरण्यात पर्णकुटी उभारली आणि तेथे आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते संस्कृत शिकवू लागले. या दांपत्याच्या पोटी २३ एप्रिल १८५८ रोजी एक कन्या जन्मास आली. हीच पुढे पंडिता रमाबाई या नावाने प्रसिद्ध झाली.

आश्रमात विद्यार्थी राहत, यात्रेकरू येत. आल्यागेल्याचा आदरसत्कार करण्यात शास्त्रीबोवांजवळ होते नव्हते ते सारे संपून गेले. तेव्हा तीर्थयात्रा करावी, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असे त्यांनी ठरविले. रमा त्या वेळी अवघी सहा महिन्यांची होती. वेताच्या टोपलीत घालून तिला डोंगराखाली आणण्यात आले. तेव्हापासून सुमारे वीस वर्षे प्रवास हेच तिचे घर झाले.

शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. तिची आई हीच तिची शाळा होती. दिवसभर घरकामाचा रगाडा असे, म्हणून लक्ष्मीबाई पहाट फुटण्यापूर्वीच लेकीला मांडीवर घेऊन जागे करीत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. झाडांवर पाखरे जागी होत, तेव्हा या मायलेकींचा पाठ चाललेला असे. अशा रीतीने भागवतातील हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले. ज्या वयात इतर मुली सासरी नांदत, त्या वयात ती आईबापांच्या शेजारी बसून लोकांना पुराण सांगू लागली.

पुढे १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. स्वतःच्या पोटाला मिळेना, तेव्हा पुराणिकाच्या पुढ्यात कोण काय ठेवणार? शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते. त्यांची दृष्टी अधू झाली होती. भांडीकुंडी गेली, अंगावरचे चांगले वस्त्र गेले, किडूकमिडूक गेले. भीक मागण्यास मन धजेना आणि मोलमजुरीची कोणासही सवय नव्हती. शेवटी ते कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात शिरले. तेथे अकरा दिवस केवळ पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर सर्वांनी प्राण धरून ठेवला. त्या उपासमारीतच शास्त्रीबोवांचा अंत झाला. मरणापूर्वी त्यांनी आपल्या धाकट्या लेकीस जवळ घेतले. तिला आपण देवाच्या हाती सोपविले आहे, तिने नेकीने वागावे आणि जन्मभर देवाचीच सेवा करावी, असे त्यांनी तिला सांगितले. रमाबाई हे शब्द कधीही विसरल्या नाहीत.

काही आठवड्यांतच लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांचे शव स्मशानात नेण्यास चार खांदेकरी मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, थोरला भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई असे चौघे मिळाले. स्मशान जवळजवळ तीन मैलांवर होते. रमाबाई उंचीने लहान; खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीची बाजू डोक्यावर घेतली. जिने पहाटे मांडीवर घेऊन श्लोक शिकविले, त्या आईचे ओझे त्यांनी अशा रीतीने अखेरपर्यंत वाहिले. थोड्याच दिवसांनी थोरली बहीणही मरण पावली.

आता दोघे बहीणभाऊ उरले. ती दोघे दक्षिणेकडून निघून थेट पंजाब-काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे असे चार हजारांहून अधिक मैल पायी हिंडली. कधी भिजविलेले मूठभर धान्य मिठाबरोबर खावे, तर कधी तेही नसावे. एकदा झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली असता पांघरूण नव्हते, म्हणून त्या दोघांनी वाळूत खड्डे खणले, अंगावर वाळू ओढून घेतली आणि केवळ डोके बाहेर ठेवून रात्र काढली. या वणवणीत जुन्या श्रद्धेचा आधार त्यांच्या मनातून हळूहळू सुटत गेला. इतकी व्रते केली, इतकी तीर्थे पाहिली, मग आईबाप अन्नावाचून का गेले, या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडेना.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली आणि तेथे दैव पालटले. वीस वर्षांची एक तरुणी अस्खलित संस्कृत बोलते, शीघ्र श्लोक रचते, हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. स्त्रियांच्या शिक्षणाविषयी रमाबाई जागोजाग व्याख्याने देऊ लागल्या. याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. तेथील मंडळी आपापल्या खुर्चीपाशी गुडघे टेकून डोळे मिटून बसली होती. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले! पुढे ज्या धर्मात त्यांच्या जीवाला विसावा मिळावयाचा होता, त्याची पहिली ओळख त्यांना अशी गमतीची झाली.

हे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. दुसऱ्या वर्षी त्यांना कन्यारत्न झाले. तिचे नाव त्यांनी मनोरमा ठेविले. परंतु लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबूंना पटकीने गाठले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. मायबाप नाहीत, भाऊबहीण नाही, पती नाही. कडेवर दहा महिन्यांचे मूल आणि पुढे सारे आयुष्य, अशी त्यांची स्थिती झाली.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना, मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्रीवैद्य यांची किती निकड आहे, हे त्यांनी निर्भयपणे सांगितले. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. परंतु दुर्दैव तेथेही आडवे आले. त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे वैद्यक शिकण्याचा बेत सोडावा लागला.

एके दिवशी या जोगिणींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातील आपला आश्रम दाखविला. समाजाने वाईट म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळत असे. जोगिणी त्यांची शुश्रूषा करीत, त्यांच्याशी प्रेमाने वागत, आणि त्या स्त्रियाही हळूहळू सुधारून इतर दुःखितांच्या सेवेस लागत. रमाबाईंना मोठे नवल वाटले. अशा स्त्रियांवर कोणी दया करते, हे त्यांनी आजवर कोठेही पाहिले नव्हते. यामागील प्रेरणा कोणती, असे त्यांनी विचारले. तेव्हा येशू ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीला तुच्छ न लेखता जीवनाचे पाणी देऊ केले, ती कथा त्यांना सांगण्यात आली. त्या कथेने त्यांच्या मनाची पकड घेतली. दीनदुबळ्या स्त्रीचा उद्धार करणारा देव आपणास येथे भेटत आहे, असे त्यांना वाटले. बराच विचार व अभ्यास करून २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या बातमीने महाराष्ट्रात खळबळ उडाली. जे काल त्यांची स्तुती करीत होते, तेच आज त्यांची निंदा करू लागले. जोतीराव फुले यांच्यासारखे थोडेच लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालशिक्षणाची नवी पद्धती अभ्यासिली, गावोगाव व्याख्याने दिली आणि हिंदी विधवांची दुःस्थिती लोकांपुढे मांडली. तेथील सहृदय मंडळींनी एक संस्था स्थापून दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. ते पाठबळ घेऊन रमाबाई मायदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदासदन ही विधवांची शाळा उघडली. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. याच गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. पुढल्या वर्षी, म्हणजे १८९० मध्ये, शारदासदन पुण्यास आले.

बाहेरून पाहता सर्व काही ठीक चालले होते. रमाबाईंच्या अंतःकरणात मात्र एक उणीव सलत होती. धर्म स्वीकारून आठ वर्षे होत आली, त्याची तत्त्वे बुद्धीला पटली, प्रार्थनाही नित्य चालू होती. परंतु ज्या आनंदाविषयी आपण वाचतो तो आपल्या ठायी का नाही, असे त्यांना वाटे. अशातच १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. ते वाचून त्यांना उमगले, की आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, पण खुद्द ख्रिस्तावर आपला भार टाकला नाही. आपल्या पुण्याईने, आपल्या विद्येने, आपल्या धडपडीने शांती मिळवू पाहण्याचा हट्ट त्यांनी सोडला, आणि लेकरू आईच्या मांडीवर निश्चिंत पडते, त्याप्रमाणे त्यांनी देवावर विसंबून राहण्याचे ठरविले. तेव्हा बालपणापासूनची त्यांच्या जीवाची वणवण थांबली. त्यांच्या मनात आनंद भरून आला, आणि तो पुढील आयुष्यात कधी आटला नाही.

त्या आनंदाची कसोटी लवकरच लागली. शारदासदनात कोणासही धर्म शिकविला जाणार नाही, असे रमाबाईंनी जाहीर केले होते. परंतु त्या स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. पालकांना आपल्या मुलींच्या धर्माची चिंता वाटली, आणि ती अस्वाभाविक नव्हती. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक मुलींना घरी नेण्यात आले. रमाबाईंना याचे दुःख झाले, तरी त्यांनी कोणाविषयी मनात कडवटपणा धरला नाही. ज्या मुली उरल्या, त्यांना घेऊन त्यांनी काम पुढे चालू ठेविले. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबेल, हे ध्यानी घेऊन त्यांनी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे शंभर एकर माळरान विकत घेतले होते. तेथे त्यांनी विहिरी खणविल्या आणि फळझाडे लाविली.

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना तिरुपतीचे रान आठवले. उपाशी माणसाची तडफड त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, स्वतः भोगली होती. त्या तडक तिकडे गेल्या. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण विधवा त्यांनी पाहिल्या. अशा सुमारे तीनशे जणींना त्यांनी आश्रय दिला. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली होती, म्हणून इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. जवळ पैसा थोडा. उद्या काय खावयाचे, याचीही निश्चिती नसे. रमाबाई प्रार्थना करीत आणि कामास लागत. याच वस्तीतून मुक्तिसदन उदयास आले. पुढे १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तिसदनातील संख्या सुमारे १,९०० वर गेली.

या साऱ्या मुली काही गुणी व आज्ञाधारक नव्हत्या. उपासमारीने कित्येकींचा स्वभाव बिघडला होता. त्या अन्न चोरून लपवीत, एकमेकींशी भांडत, स्वच्छतेचा कंटाळा करीत. कित्येक आजारी होत्या आणि काही अंध होत्या. रमाबाईंनी त्यांना नुसते जेवू घातले नाही, तर स्वतःच्या पायावर उभे केले. शेती, गाईगुरांची निगा, विणकाम, शिवणकाम, तेलाचे घाणे, छपाई अशी नाना कामे मुक्तिसदनात चालत आणि ती सर्व स्त्रियाच करीत. अंध मुली बोटांनी ब्रेल लिपी वाचावयास शिकल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन नावाचे निराळे घर होते. फुलमच्या आश्रमात जे पाहिले, ते रमाबाईंनी केडगावच्या माळावर साकार केले.

या सर्व पसाऱ्याची मालकीण स्वतः कशी राहत असे? अंगात साधे पांढरे सुती वस्त्र असे आणि आहार जन्मभर शाकाहारी. त्यांनी धर्म बदलला, पण आपली भाषा, आपला पोशाख आणि आपली राहणी बदलली नाही. सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले, तरी त्या मानाचा त्यांना गर्व झाला नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक प्रचंड काम अंगावर घेतले. बायबलची त्या वेळची मराठी भाषांतरे संस्कृतप्रचुर होती. खेड्यातील बाईला ती समजत नसत. ज्यांना हजारो संस्कृत श्लोक पाठ होते, त्या पंडिता रमाबाईंनी आता अगदी सोप्या मराठीत बायबल आणण्याचा संकल्प केला. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. त्या लिहीत आणि मुक्तिसदनातील मुली खिळे जुळवून ते छापीत. एके काळी ज्यांना अक्षरही ठाऊक नव्हते, त्यांच्याच हातांनी तो ग्रंथ आकाराला येत होता.

हे काम अखेरीस येत असतानाच सर्वांत कठोर आघात झाला. मनोरमा सुशिक्षित झाली होती, आईचा उजवा हात बनली होती. आपल्यामागे हीच सारे सांभाळील अशी आईची आशा होती. ती २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी मरण पावली. तिरुपतीच्या रानापासून सुरू झालेली मृत्यूंची मालिका अशी शेवटच्या जिवलगापर्यंत येऊन पोहोचली. रमाबाईंचे शरीर थकले होते, कान जवळजवळ निकामी झाले होते. तरुणपणी याहून लहान आघातांनी त्यांची श्रद्धा डळमळली होती. या वेळी मात्र त्या डळमळल्या नाहीत. अश्रू आले, ते त्यांनी आवरले नाहीत. पण देवाने आपणास टाकले आहे, असा विचार त्यांच्या मनास शिवला नाही. आजारी असूनही त्या बायबलची मुद्रिते तपासण्यास बसल्या. ते काम त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे शांतपणे देह ठेविला. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्तिसदन आजही अनाथ व निराधार स्त्रियांना आश्रय देत आहे.

रमाबाईंच्या वाट्यास सुखाचे दिवस थोडे आले. तरी त्यांच्या सहवासात जे आले, त्यांना त्या प्रसन्नच दिसल्या. आनंद म्हणजे दुःखाचा अभाव, असे त्यांनी मानले नाही. देवावरील विश्वासातून तो आनंद त्यांना मिळाला आणि दुःखितांच्या सेवेत तो वाढत गेला. मरणाच्या दारी असलेल्या पित्याने रानात आपल्या धाकट्या लेकीस देवाच्या हाती सोपविले होते. तिने निवडलेली वाट पित्याच्या वाटेहून निराळी होती. परंतु जन्मभर देवाची सेवा करावी, ही त्याची शेवटची आज्ञा तिने अक्षरशः पाळली.